घरातील फ्यूजची पेटी केव्हा बदलावी?

गोव्यात वीज खात्याची स्थापना १९६३ साली झाली आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत वीज शहरांची वेस ओलांडून वाड्यावाड्यांवर पोचली. त्या काळी ज्या घरांत पहिला दिवा लागला, त्यांपैकी कित्येक घरांच्या सोप्यात दाराशेजारी एक सागवानी फळी आजही भिंतीला ठोकलेली दिसते. फळीवर मीटर, बाजूला लोखंडी डब्यातील मेन स्विच आणि खाली चिनी मातीचे दोन-चार पांढरे ठोकळे, असा तो संसार असतो. या ठोकळ्यांना वायरमन मंडळी ‘किटकॅट’ म्हणतात. मधल्या काळात घराची कौले उतरून पुन्हा चढली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर फरशी आली, चुलीच्या जागी गॅस आला. फळी मात्र होती तेथेच राहिली. फ्यूज उडाला म्हणजे घरच्या मंडळींना तिची आठवण होते, आणि फ्यूज उडतच नसेल तर पेटी उत्तम स्थितीत आहे असे मानून सारे निर्धास्त असतात.

हा निर्धास्तपणा फसवा आहे. वारंवार फ्यूज उडणारी पेटी वाईट आणि वर्षानुवर्षे मुकाट राहणारी पेटी चांगली, हा सर्वसाधारण समज पुष्कळदा उलटा करून वाचावा लागतो. उडणारा फ्यूज निदान आपले काम करीत असतो. भार वाढूनही जो कधीच उडत नाही, त्याची चौकशी आधी व्हावयास हवी.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

वितळतार, म्हणजेच बोलण्यातील फ्यूज, ही घरातील वीजमंडळात मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी होय. तारेतून प्रवाह वाहू लागला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. भिंतीवरील किंवा भिंतीतील तार तापून तिचे आवरण जळण्याआधी पेटीतील बारीक तार वितळावी आणि मंडळ तुटावे, एवढीच यातील योजना आहे. म्हणजे फ्यूज रक्षण करतो ते तारांचे. तो टीव्हीचे रक्षण करीत नाही आणि, पुढे सविस्तर येईल त्याप्रमाणे, माणसाचेही करीत नाही.

शाळेत हे तत्त्व दाखविणे अवघड नाही. टॉर्चचे दोन सेल जोडून भांडी घासण्याच्या अतिबारीक पोलादी लोकरीचा एकच धागा दोन टोकांमध्ये धरल्यास तो क्षणात लाल होऊन तुटतो. त्याच सेलना जोडलेली जाड तार मात्र जशीच्या तशी राहते. प्रयोग पत्र्याच्या ताटलीवर, कागदापासून दूर आणि शिक्षकांनी स्वतः करावा. घरातील विजेशी असे प्रयोग कदापि करू नयेत.

फ्यूजसाठी टिनाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. ५ अँपिअरसाठी तिचा व्यास ०.२० मिलिमीटर, १० अँपिअरसाठी ०.३५ आणि १५ अँपिअरसाठी ०.५० मिलिमीटर असतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १५ अँपिअरचा फ्यूज १६ अँपिअर प्रवाह होताच वितळतो असे नाही. किटकॅटमधील तार साधारणतः नेमून दिलेल्या प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट प्रवाहाला वितळते, आणि त्यालाही काही वेळ लागतो. ही ढिलाई तिच्या स्वभावातच आहे.

जुना हिशेब आणि नवा भार

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या चिऱ्याच्या कौलारू घराचा हिशेब मांडून पाहावा. ६० वॅटचे सहा दिवे, ६० वॅटचे दोन पंखे आणि एक रेडिओ, असे सर्व मिळून सुमारे ५०० वॅट होत. २३० व्होल्ट दाबाला हा प्रवाह सव्वादोन अँपिअरच्या आसपास येतो. १५ अँपिअरचा मेन स्विच आणि ५ अँपिअरचे किटकॅट त्या घराला पुरून उरत होते. ज्या वायरमनने ती फळी बसविली त्याचे काम चोखच होते.

आता त्याच घरातील आजची संध्याकाळ घेऊ. न्हाणीत २,००० वॅटचा गिझर, एका खोलीत दीड टनाचे वातानुकूलन यंत्र म्हणजे अदमासे १,६०० वॅट, विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे १,००० वॅट, फ्रीज २०० वॅट, चार पंखे ३०० वॅट, टीव्ही १०० वॅट आणि एलईडी दिवे ९० वॅट. बेरीज ५,२९० वॅट, म्हणजे २३ अँपिअर. मोटारींमुळे प्रत्यक्षात प्रवाह याहून थोडा अधिकच भरतो. दिव्यांचा खर्च कमी झाला म्हणून एकूण भार कमी झाला असे समजणाऱ्यांनी ही बेरीज स्वतःच्या घरापुरती करून पाहावी. प्रत्येक उपकरणाच्या मागील पट्टीवर वॅटचा आकडा दिलेला असतो.

हे २३ अँपिअर १५ अँपिअरच्या मेन फ्यूजमधून जात आहेत. फ्यूज उडेल काय? बहुधा नाही. दीडपटीच्या सीमेवर तो तासन्‌तास टिकून राहू शकतो. मात्र १५ अँपिअरच्या बेताने ओढलेल्या तारेत या वेळी नेहमीच्या मर्यादेच्या जवळजवळ २.३५ पट उष्णता निर्माण होत असते. पीव्हीसीचे साधे आवरण सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे अशा बेताने केलेले असते. त्यापुढे ते कडक होते, तडकते आणि एके दिवशी फेजची तार शून्य तारेला किंवा ओल्या भिंतीला टेकते. या सर्व काळात फ्यूज एकदाही उडालेला नसतो आणि घरचा मनुष्य पेटीची तारीफ करीत असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे फ्यूजच्या जागी हाताला लागेल ती तार घालणे. चवथीच्या रात्री माटोळीची रोषणाई मालवली, पाहुणे खोळंबले, दुकाने बंद. मग कोणीतरी वायरिंगच्या उरलेल्या तारेचा तुकडा किटकॅटमध्ये अडकवतो, दिवे लागतात आणि त्याची वाहवा होते. दीड चौरस मिलिमीटर छेदाची ती तार जवळजवळ १.४ मिलिमीटर जाड असते आणि ती वितळायला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. तोवर घरातील सर्व तारा जळून गेलेल्या असतात. फ्यूजच्या तारेचे दोन-तीन पदर एकत्र पिळणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे ही त्याच चुकीची धाकटी भावंडे होत. ज्या घरात असा तुकडा सापडेल त्या घरात पेटी असून नसल्यासारखी आहे असे समजावे. तुकडा काढून योग्य तार घालणे हा पहिला उपाय; पण ती तार पुन्हापुन्हा उडू लागली तर भार पेटीला झेपत नाही एवढे सिद्ध झाले.

पेटीवरील खुणा

केवळ जुनी झाली म्हणून पेटी टाकून देण्याचे कारण नाही. चिनी माती शंभर वर्षे टिकेल. म्हातारी होते ती तिच्यातील पितळ. किटकॅटच्या वरच्या भागातील पितळी पाती खालच्या भागातील खोबणीत घट्ट बसावी लागते. अनेक वर्षांच्या तापण्या-निवण्याने खोबणीची पकड सैल होते. त्यात आपल्याकडील हवा. बार्देस, तिसवाडी, सालसेत किंवा मुरगाव तालुक्यात समुद्राचा खारा वारा घरात शिरतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरून असतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच हिरवा कळंक किटकॅटच्या पात्यावर चढतो आणि लोखंडी मेन स्विचला गंज धरतो. कळंक आणि गंज दोन्ही विजेच्या वाटेत अडथळा करतात.

या अडथळ्याचे गणित पाहण्यासारखे आहे. सैल जोडात अवघा ०.१ ओहम रोध निर्माण झाला असे समजू. घरात दोन अँपिअर प्रवाह असताना तेथे ०.४ वॅट उष्णता होते, म्हणजे काहीच नाही. तोच प्रवाह वीस अँपिअर झाला की ४० वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नमध्ये जवळपास एवढीच उष्णता असते. असे एक आयर्न सागवानी फळीवर दररोज संध्याकाळी तीन-चार तास टेकून ठेवल्यासारखी ही स्थिती होय. आणि या प्रकारात प्रवाह वाढलेला नसल्यामुळे फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सैल जोड ओळखण्याचे काम डोळ्यांनी, कानांनी आणि नाकानेच करावे लागते.

चिनी मातीवर तपकिरी किंवा काळा डाग, फळीवर करपल्याची खूण, तारेचे टोक काळे पडून त्याचे आवरण कडक झालेले, ठोकळ्याला तडा गेलेला किंवा त्याचा कोपरा उडालेला, यांपैकी काहीही दिसले तरी तो भाग बदलावा लागेल. तापलेल्या बॅकेलाइटचा व प्लास्टिकचा वास काहीसा मासळीसारखा येतो. आपल्या स्वयंपाकघरात मासळी रोजचीच असल्याने त्या वासाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. परंतु जेवण उरकून दोन तास झाल्यावरही सोप्यातच तो वास येत असेल तर तो चुलीवरचा नव्हे. तडतड आवाज किंवा सतत गुणगुण हेही दुश्चिन्ह होय. पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंद झाले तर त्यात विशेष काही नाही. कारण नसताना ते लुकलुकत राहिले तर जोड सैल आहे. लुकलुक शेजारच्या घरांतही होत असेल तर दोष बाहेरच्या वाहिनीत आहे असे समजून वीज खात्याला कळवावे. तीन फेजची जोडणी असलेल्या घरात काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद झाले, तर शून्य तार तुटली किंवा सैल झाली असण्याचा संभव असतो. अशा वेळी विचार करीत बसू नये. मेन स्विच तत्काळ बंद करावा, अन्यथा घरातील उपकरणे जळतील.

लोखंडी पेटी गरम लागते काय हे हात लावून पाहण्याचा मोह टाळावा. अर्थिंग तुटलेले असेल तर तीच पेटी विजेने भारलेली असू शकते. पाण्याचे ओघळ, वाळवीची माती, मुंग्यांची रांग किंवा पेटीत मेलेली पाल, हे सर्व लांबूनही दिसते.

वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या घरांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. घरची मंडळी मुंबईत किंवा परदेशी, घर पावसाळाभर कुलपात आणि चवथीला एकदम पंचवीस माणसांचा राबता, ही गोव्यातील नित्याची गोष्ट आहे. तीन महिने ओल प्यालेल्या पेटीवर वर्षातील सर्वांत मोठा भार त्याच दिवशी पडतो. अशा घरांची तपासणी चवथीच्या आधी व्हावी. मेन स्विच चालू केल्यावर सर्व उपकरणे एकदम लावू नयेत. एकेक लावून पेटीकडे पाहावे, ऐकावे आणि वास घ्यावा.

शून्य तारेतील फ्यूज

जुन्या पद्धतीच्या पुष्कळ मेन स्विचमध्ये दोन फ्यूज असतात, एक फेजवर आणि एक शून्य तारेवर. त्या काळी ती रूढ पद्धत होती. तिच्यातील धोका असा की, शून्य तारेवरील फ्यूज आधी उडाला तर दिवे मालवतात, पंखे थांबतात आणि घरात वीज नाही असे सर्वांना वाटते. वास्तविक फेजची तार प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत असते. वीज गेली आहे अशा समजुतीने कोणी होल्डरला किंवा उघड्या तारेला हात लावला तर त्याच्या शरीरातून जमिनीकडे वाट मिळते. यास्तव शून्य तारेत फ्यूज नसावा, तेथे तांब्याचा अखंड दुवा असावा आणि मेन स्विचने फेज व शून्य दोन्ही तारा एकाच वेळी तोडाव्यात, हा नियम पुढे मान्य झाला. ज्या घरात आजही दोन फ्यूजची मांडणी आहे, तेथे बाकीची पेटी कितीही स्वच्छ असली तरी ती बदलण्यास हे एकच कारण पुरेसे मानावे.

माणसाचे रक्षण

ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळ मानाने १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्ट दाबाला त्याच्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास याच्या अंशानेही काम भागते. ५ अँपिअरचा फ्यूज मात्र एवढ्या प्रवाहाने साधा कोमटही होणार नाही. फ्यूजच्या भरवशावर ओल्या न्हाणीत उभे राहणाऱ्याने हा हिशेब विसरू नये.

अर्थिंग आहे म्हणून फ्यूज उडेल, असे यावर उत्तर दिले जाते. ते अर्धवट खरे आहे. गिझरच्या आत फेजची तार त्याच्या पत्र्याला टेकली आणि अर्थिंगचा रोध २० ओहम असला, तर जमिनीकडे जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर होतो. १५ अँपिअरचा फ्यूज हा प्रवाह दिवसभर मुकाट्याने वाहू देईल आणि गिझरचा पत्रा, नळ व कदाचित पाणीही विजेने भारलेले राहील. चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी पडली असता, अर्थिंगचा रोध याहूनही वर जाऊ शकतो. मिठाचा व कोळशाचा खड्डा एकदा खणला आणि पुढे त्यावर कधी पाणी घातले नाही, अशी अर्थिंगे थोडी नाहीत. काही घरांत तर हिरवी तार फळीमागे नुसतीच गुंडाळून ठेवलेली आढळते.

या उणिवेवरील उपाय म्हणजे आर.सी.सी.बी. हे गळतीरोधक साधन. फेजने जितका प्रवाह गेला तितकाच शून्य तारेने परत आला पाहिजे, हे ते सतत तोलून पाहते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडताच ते एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेळात वीज तोडते. जुन्या फळीवर हे साधन नसते. पेटी बदलण्याचे सर्वांत सबळ कारण कोणते असे विचारल्यास काळ्या डागांच्याही आधी याचा उल्लेख करावा लागेल. कारण डाग दिसत असतो, हे वैगुण्य दिसत नाही. भारतीय वीज नियम, १९५६ यांची जागा आता केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली असून, २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही अशा गळतीरोधक साधनाची तरतूद आहे.

आर.सी.सी.बी. बसविल्यावर पावसाळ्यात ते वारंवार पडते, अशी तक्रार ऐकू येते आणि मग ते वगळून थेट जोड देण्यात येतो. साधन बहुधा खरे बोलत असते. अंगणातील दिव्यात पाणी शिरले असेल, पंपाच्या तारेचे आवरण फाटले असेल किंवा गिझरची कांडी फुटली असेल. उपकरणे एकेक करून वेगळी केली की दोषी कोण ते कळते.

बदलताना

नव्या पेटीत प्रत्येक शाखेला स्वतंत्र एम.सी.बी. असते. नेमलेल्या प्रवाहाच्या १.४५ पट प्रवाहाला ती तासाभराच्या आत पडते आणि मंडळ लघुपथित झाले तर तत्क्षणी पडते. म्हणजे किटकॅटची ढिलाई येथे पुष्कळ कमी होते, आणि तिच्या जागी जाड तार अडकविण्याची सोयच उरत नाही. तथापि तोच गैरप्रकार दुसऱ्या रूपाने होतो. १६ अँपिअरची एम.सी.बी. पडते म्हणून तिच्या जागी ३२ अँपिअरची बसविली जाते. एम.सी.बी. ही उपकरणाकडे पाहून नव्हे, तर तिच्यापुढील सर्वांत बारीक तारेकडे पाहून निवडावी. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर दिवे-पंख्यांसाठी ६ अँपिअर, अडीच चौरस मिलिमीटरवर १६ अँपिअर, आणि गिझर किंवा वातानुकूलन यंत्रासाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार व २० अँपिअर, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आर.सी.सी.बी. असली तरी एम.सी.बी. लागतेच, पहिली गळती ओळखते, दुसरी जादा प्रवाह. सर्व साधनांवर आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावे.

येथे खर्चाचा प्रश्न येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. पुष्कळ घरांत पेटी नवी आणि तारा मात्र जुन्या, अशी तडजोड केली जाते. तारा पीव्हीसीच्या व तांब्याच्या असतील आणि तपासणीत टिकल्या तर ही तडजोड चालेल. परंतु लाकडी पट्टीवर क्लिपांनी मारलेल्या रबरी आवरणाच्या तारा असतील तर चालणार नाही. ते रबर वाळून बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते आणि नव्या पेटीत जोडण्यासाठी टोक वाकविताच गळून पडते. साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे अ‍ॅल्युमिनियमच्या ताराही सर्रास वापरल्या गेल्या. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्या कमी प्रवाह वाहतात, आणि तांब्याशी थेट पिळून जोडल्या तर ओलसर हवेत तो जोड लवकर खराब होतो. म्हणून पेटी घेण्यापूर्वी परवानाधारक कंत्राटदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचे आवरण तपासून घ्यावे. सर्व उपकरणे काढून केलेल्या या तपासणीत १ मेगओहमहून कमी रोध आला तर आधी तारांचा विचार करावा. पैसे एकदम उभे राहत नसतील तर गिझर, पंप आणि वातानुकूलन यंत्र यांच्या तारा प्रथम नव्या कराव्यात व दिव्यांच्या मागाहून, आर.सी.सी.बी. मात्र पहिल्याच खेपेस बसवावी.

पेटीची जागाही पुन्हा ठरवावी. गोव्यात पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. त्या बाजूची बाहेरची भिंत पेटीसाठी योग्य नव्हे. न्हाणी, गॅसच्या शेगडीवरची जागा आणि सरपण किंवा गोणी रचून ठेवण्याची खोली वर्ज्य समजावी. खांबावरून येणारी तार भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी पेटीत न शिरता झोळातून गळून जाते.

मीटरआधीचा कटआऊट आणि मीटरवरील सील यांना ग्राहकाने किंवा त्याच्या वायरमनने हात लावू नये. ती खात्याची हद्द होय. त्यापलीकडील काम ग्राहकाचे, पण तेही परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावयाचे. मंजूर भारापेक्षा वापर वाढला असेल तर खात्याकडे भारवाढीचा अर्ज याच वेळी करावा. अन्यथा पेटी नवी होऊनही बाहेरून येणारी तार जुन्याच बेताची राहील. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे मेन स्विच बंद केल्यावरही काही तारा जिवंत असतात, ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी कामगाराला तोंडाने सांगावी. आपल्याला काय सांगता, असे त्याने म्हटले तरी सांगावी. जुन्या किटकॅटमध्ये काही वेळा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाचा तुकडा असतो. तो खरवडू किंवा झाडू नये, ठोकळ्यासह ओल्या कागदात गुंडाळून बाजूला काढावा.

काम झाल्यावर कंत्राटदाराकडून तपासणीच्या आकड्यांसह लेखी दाखला घ्यावा. पेटीच्या झाकणावर कोणती कळ कोणत्या खोलीची हे मराठीत, घरातील वृद्ध माणसासही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे. आर.सी.सी.बी.वर चाचणीचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावयाचे असते, आणि वीजबिल घरी येते तो दिवस त्यासाठी ठरवून ठेवला म्हणजे विसर पडत नाही. बटण दाबताच घरातील वीज गेली पाहिजे. न गेल्यास ते साधन निकामी झाले असे समजून त्याच आठवड्यात बदलून घ्यावे.